सूर्यास्तापूर्वीचे भोजन : आचार, इतिहास आणि आरोग्य

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी इतिहासविषयक लेख द्यावा, अशी संपादक मंडळाची सूचना आली. मंदिरे, मूर्ती आणि शिलालेख यांवर अधिकाराने लिहू शकतील असे अभ्यासक आपल्या समाजात आहेत. प्रस्तुत लेखक व्यवसायाने कापड व्यापारी आणि शिक्षणाने वाणिज्य पदवीधर आहे. म्हणून ज्याचा हिशोब प्रत्येक जैन घराला रोज सायंकाळी मांडावा लागतो, असा विषय मी निवडला. तो म्हणजे रात्रिभोजनत्याग, अर्थात सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपण्याचा आपला आचार.

अलीकडे या विषयावर दोन टोकांची मते ऐकू येतात. काही तरुण म्हणतात, "विजेचे दिवे नव्हते तेव्हाचा हा नियम, आता त्याचे प्रयोजन काय?" उलट काही ज्येष्ठ मंडळी वर्तमानपत्रातील एखादे कात्रण दाखवून सांगतात की आपल्या पूर्वजांना आजचे सारे विज्ञान ठाऊक होते. इतिहास तपासला तर दोन्ही मते अपुरी ठरतात. हा नियम जन्मला तो अहिंसेसाठी. आरोग्याचा लाभ हे त्या मुद्दलावर मिळालेले व्याज आहे. व्यापाऱ्याने मुद्दल आणि व्याज यांची खाती वेगळी ठेवावीत, म्हणजे घोटाळा होत नाही. त्याच पद्धतीने हा विषय मांडण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

श्रमण परंपरेतील उगम

रात्री न जेवण्याचा नियम प्रथम साधूंचा. परंपरेनुसार आचार्य शय्यंभव यांनी आपला अल्पायुषी पुत्र मनक याच्यासाठी रचलेल्या दशवैकालिक सूत्रात पाच महाव्रतांनंतर रात्रिभोजनविरमण हे सहावे व्रत म्हणून सांगितले आहे. कारण उघड आहे. मुनी भिक्षेसाठी हिंडतात, पाहून पाऊल टाकतात आणि पाहून अन्न घेतात. अंधारात यांपैकी काहीही शक्य नाही.

दिगंबर परंपरेत हाच विचार दुसऱ्या वाटेने आला. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाव्रताच्या पाच भावना सांगितल्या आहेत, त्यांतील एक 'आलोकितपानभोजन', म्हणजे प्रकाशात नीट पाहून अन्नपाणी घेणे. रात्रिभोजनत्याग हे वेगळे व्रत का मोजले नाही, या प्रश्नाला आचार्य पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धीत उत्तर दिले आहे की त्याचा अंतर्भाव या भावनेतच होतो. एका परंपरेने त्याला सहावे व्रत म्हटले, दुसरीने पहिल्या व्रताचे अंग मानले. आचार मात्र दोन्हीकडे एकच राहिला.

आजच्या तरुणांचा दिव्याचा प्रश्नही नवा नाही. सुमारे बाराशे वर्षांपूर्वी आचार्य अकलंकांनी राजवार्तिकात तो स्वतःच उपस्थित केला आहे. पाहण्यासाठीच दिवसा जेवायचे असेल, तर दिव्याच्या किंवा चंद्राच्या उजेडात जेवायला हरकत कोणती? त्यांचे उत्तर असे की त्यातून अनेक आरंभांचा, म्हणजे जीवांना उपद्रव देणाऱ्या नाना खटपटींचा, दोष लागतो. आचार्य अमृतचंद्रांनी पुरुषार्थसिद्ध्युपायात आणखी एक मुद्दा मांडला. दिवा लावला तरी अन्नात येऊन पडणाऱ्या सूक्ष्म जीवांची हिंसा कशी टळणार? पावसाळ्यात दिव्याभोवती जमणारे पाखरांचे थवे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

त्या काळी आरोग्याचा विचार कोणीच केला नव्हता असे मात्र नाही. बौद्धांच्या मज्झिमनिकायातील कीटागिरि सुत्तात भगवान बुद्ध भिक्षूंना सांगतात की आपण रात्रीचे जेवण सोडले आहे आणि त्यामुळे आजार कमी, अंग हलके, शक्ती टिकून आणि जगणे सुखाचे असा अनुभव येतो. याच निकायातील दुसऱ्या एका सुत्तात अंधारात भिक्षेला निघालेल्या भिक्षूंची कशी फजिती होई, याचे वर्णन आहे. रात्रीचे जेवण टाळणे हा त्या काळच्या श्रमण जीवनाचा सामाईक ठेवा होता, हे यावरून दिसते. जैन आचार्यांनी त्याला अहिंसेचा पाया दिला आणि पुढे तो गृहस्थाच्या उंबरठ्याच्या आत नेला.

गृहस्थांसाठी पायऱ्या

साधूंचा नियम श्रावकाला जसाच्या तसा लावणे अवघड, याची जाणीव आचार्यांना होती. रत्नकरंड श्रावकाचारात समंतभद्राचार्यांनी श्रावकाच्या अकरा प्रतिमा सांगितल्या, त्यांत सहावी रात्रिभोजनत्यागाची आहे. तेराव्या शतकात माळव्यात राहिलेल्या पंडित आशाधरांनी सागारधर्मामृतात प्रारंभीच्या पायरीवरील श्रावकाला जेवण दिवसाच घेण्यास सांगितले, पण पाणी, औषध, तांबूल, वेलची अशा गोष्टी रात्रीही घेण्याची मोकळीक दिली. आज आपण चौविहार आणि तिविहार असा जो भेद करतो, त्यामागेही हीच दृष्टी आहे. चौविहारात अन्न, पाणी, फळफळावळ आणि मुखवास या चारही प्रकारच्या आहारांचा त्याग असतो, तिविहारात पाण्याची मुभा राहते. ज्याची जेवढी शक्ती, तेवढी त्याची पायरी.

बाराव्या शतकात गुजरातच्या कुमारपाळ राजाच्या विनंतीवरून आचार्य हेमचंद्रांनी योगशास्त्र रचले. त्याच्या तिसऱ्या प्रकाशात रात्रिभोजनाचे विस्तृत विवेचन आहे. अन्नातून मुंगी, ऊ, माशी किंवा कोळी पोटात गेल्यास कोणते विकार होतात, याची तेथे यादीच दिली आहे. आजचे वैद्यकशास्त्र त्यातील प्रत्येक कार्यकारणभाव मान्य करणार नाही. सूर्य मावळल्यावर हृदय आणि नाभी येथील कमळे मिटतात, असा आयुर्वेदाच्या भाषेतील विचारही त्यांनी नोंदवला आहे. दिवसाच्या आरंभीच्या आणि अखेरच्या दोन-दोन घटिका भोजनासाठी वर्ज्य करणाऱ्याची तेथे प्रशंसा आहे. दोन घटिका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे. आपल्याकडील नवकारशीचा नियमही सूर्योदयानंतर तेवढाच वेळ थांबण्याचा आहे.

आयुर्वेदाची भूमिका मात्र थोडी निराळी आहे, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. सोळाव्या शतकातील भावप्रकाश या ग्रंथात रात्रीच्या जेवणाला सरसकट मनाई नाही. ते रात्रीच्या पहिल्या प्रहरात घ्यावे, भुकेपेक्षा थोडे कमी घ्यावे आणि पचायला जड पदार्थ टाळावेत, असा सल्ला आहे. धर्माने सूर्यास्ताची रेषा आखली ती जीवदयेसाठी, वैद्यांनी वेळ सांगितली ती पचनासाठी. दोन्ही रेषा जवळजवळ आल्या, एवढे खरे.

भाषेनेही ही वेळ जपली आहे. आपल्याकडील जुन्या पिढीच्या तोंडी असलेला 'व्याळू' आणि गुजराती बांधवांचा 'वाळु' हे शब्द विकाल, म्हणजे सायंकाळ, या शब्दाच्या कुळातले मानले जातात. विदर्भात आणि मध्यप्रदेशात दिगंबर घरांतून ऐकू येणारा 'अंथऊ' हा शब्द 'अनस्तमित', म्हणजे सूर्य मावळण्यापूर्वी, याची आठवण करून देतो. म्हणजे जेवणाच्या नावातच त्याची वेळ सांगितलेली होती.

दिवा, गिरणी आणि दुकान

मग ही वेळ बदलली केव्हा? ग्रामीण महाराष्ट्रात शतकानुशतके तेलाच्या दिव्याचाच उजेड होता. तेल महाग आणि उजेड अपुरा. त्यामुळे ज्यांनी कधी व्रत घेतले नाही असे शेतकरीही दिवेलागणीच्या सुमारास भाकरी खाऊन लवकर निजत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रॉकेल आले आणि घरोघरी चिमणी व कंदील दिसू लागले. सायंकाळ थोडी लांबली, पण दिनक्रम मोडला नाही.

खरा बदल विजेने घडवला, आणि त्याची ठळक खूण आमच्या कापडधंद्याच्याच इतिहासात सापडते. मुंबईच्या गिरण्या सुरुवातीला सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चालत. कामगाराचे तास सूर्यच ठरवीत असे. विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांत विजेचे दिवे आले. १९०५ च्या सुमारास स्वदेशी चळवळीमुळे देशी कापडाला मागणी वाढली, तेव्हा कित्येक गिरण्या दिवसाला चौदा-पंधरा तास चालू लागल्या. अखेर १९११ च्या फॅक्टरी कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांच्या कामाला बारा तासांची मर्यादा घातली, १९२२ साली ती अकरा तासांवर आणि १९३४ साली दहा तासांवर आणली गेली. म्हणजे पूर्वी जी मर्यादा सूर्य घालीत होता, ती पुढे कायद्याला घालावी लागली.

१९१५ हे वर्ष या इतिहासात लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी फेब्रुवारीत टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि सह्याद्रीतील पाण्याची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. त्यानंतर दोनच महिन्यांनी हरिद्वारच्या कुंभमेळ्यात महात्मा गांधींनी दोन व्रते घेतली. चोवीस तासांत पाचांहून अधिक पदार्थ खायचे नाहीत आणि अंधार पडल्यावर जेवायचे नाही. या व्रतांना तेरा वर्षे झाल्यावर त्यांनी आत्मकथेत लिहिले की त्यांनी आपली कसोटी पाहिली, पण आपले आयुष्य काही वर्षांनी वाढवले आणि अनेक आजारांपासून वाचवले, असे आपले मत आहे. जैन गृहस्थ श्रीमद् राजचंद्र यांचा गांधीजींवरील प्रभाव सर्वश्रुत आहे. रात्र उजळवण्याचे सामर्थ्य हाती येत असतानाच एका माणसाने स्वेच्छेने रात्रीचे जेवण सोडावे, हा योगायोग बोलका आहे.

गिरणीनंतर पाळी आली बाजाराची. स्वातंत्र्यानंतर गावोगावी वीज पोहोचली आणि दुकानदारीची वेळ हळूहळू रात्रीकडे सरकली. दुकाने बंद करण्याच्या वेळेवर १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्याने मर्यादा ठेवली होती. महाराष्ट्राच्या २०१७ च्या नव्या कायद्याने दुकाने चोवीस तास उघडी ठेवण्याची मुभा दिली. नोकरदार ग्राहक संध्याकाळी सातनंतर बाहेर पडतो, लग्नसराईत तर नऊनंतर. आम्हा व्यापाऱ्यांच्या घरी चौविहार मोडला तो नास्तिकपणामुळे नव्हे. गल्ल्यावरून उठण्याची वेळ आणि सूर्य मावळण्याची वेळ यांची फारकत झाली, हे त्याचे खरे कारण आहे. घरातील स्त्रिया सूर्यास्तापूर्वी जेवतात, मुले शिकवणीहून आल्यावर आठला आणि पुरुष दुकान वाढवून दहाला. एकाच चुलीवर तीन पंगती होऊ लागल्या, आणि एकत्र जेवण्याची रीत त्यात हरवली.

आधुनिक वैद्यक काय सांगते

आता व्याजाचे खाते पाहू. शरीरात वेळ मोजणारी व्यवस्था असते, हा विचार जुना असला तरी तिचे कार्य पेशींच्या पातळीवर उलगडले गेल्या काही दशकांत. त्यासाठी जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या शास्त्रज्ञांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मेंदूतील मुख्य घड्याळ प्रामुख्याने उजेडावर चालते. यकृतासारख्या अवयवांतील घड्याळे मात्र जेवणाच्या वेळेनुसार जुळवून घेतात, असे २००० साली उंदरांवरील प्रयोगांत दिसून आले. म्हणजे रात्री उशिरा जेवणाऱ्याच्या शरीरात मेंदूचे घड्याळ रात्र झाल्याचे सांगते आणि यकृताला कामाची वर्दी मिळते. एकाच पेढीत दोन मुनीम वेगवेगळ्या वह्या लिहू लागले तर जे होईल, तसाच हा प्रकार.

ओडिशात जन्मलेले आणि अमेरिकेतील सॉल्क संस्थेत संशोधन करणारे सच्चिदानंद पांडा यांच्या गटाने २०१२ साली दाखवले की तेवढेच स्निग्ध अन्न दिवसातील ठरावीक आठ तासांतच दिलेले उंदीर, ते दिवसरात्र खाणाऱ्या उंदरांच्या तुलनेत लठ्ठपणापासून बरेच वाचले. माणसांवरील प्रयोगही झाले. २०२० साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात वीस निरोगी व्यक्तींना एकदा सायंकाळी सहाला आणि एकदा रात्री दहाला तेच जेवण दिले गेले, झोपण्याची वेळ दोन्ही वेळा अकराच होती. उशिरा जेवल्यावर रक्तातील साखरेची कमाल पातळी सुमारे अठरा टक्क्यांनी अधिक आढळली आणि रात्रभरात चरबीचे ज्वलन सुमारे दहा टक्क्यांनी घटले. २०२२ साली बोस्टनमध्ये सोळा जणांवर झालेल्या प्रयोगात तेच अन्न चार तास उशिरा घेतल्यावर भूक वाढली आणि शरीराचा ऊर्जाव्यय कमी झाला. जपानमधील २००५ च्या एका अभ्यासात जेवण आणि झोप यांत तीन तासांहून कमी अंतर ठेवणाऱ्यांत आम्ल घशाशी येण्याचा विकार अधिक आढळला. याचे कारण सोपे आहे. भरल्या पोटी आडवे झाले की जठरातील आम्ल वर सरकते.

या साऱ्यामागील एक दुवा म्हणजे अंधार पडू लागल्यावर शरीरात वाढणारे मेलाटोनिन. झोपेची तयारी करणारे हे द्रव्य इन्शुलिनचा स्राव मंदावते. साहजिकच त्या वेळी पोटात गेलेली साखर रक्तात अधिक काळ रेंगाळते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. दिवसभर गादीवर बसून व्यवहार करणाऱ्या आपल्या समाजाने हा आकडा गांभीर्याने घेतला पाहिजे.

परंतु खात्यात जमेइतकीच दुसरी बाजूही लिहावी लागते. यांतील बरेच प्रयोग थोड्या लोकांवर आणि थोड्या काळासाठी झाले आहेत. चीनमधील ग्वांगझू येथे एकशे एकोणचाळीस स्थूल व्यक्तींवर वर्षभर चाललेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सर्वांचाच आहार कमी केला होता. त्यांतील एका गटाने सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्याच वेळेत खाल्ले, तरी दोन्ही गटांच्या वजनातील घटीत लक्षणीय फरक दिसला नाही. म्हणजे केवळ वेळ पाळून वजन उतरेल या भरवशावर राहू नये. सूर्यास्तापूर्वी घाईघाईने तळलेले पदार्थ आणि मिठाई पोटभर खाणाऱ्याला घड्याळ वाचवू शकणार नाही.

आणखी एक भेद ध्यानात घ्यावा. विज्ञान जेवण आणि झोप यांतील अंतराबद्दल बोलते, धर्म सूर्याबद्दल. पश्चिम महाराष्ट्रात सूर्यास्त वर्षभरात साधारण सहा ते सव्वासातच्या दरम्यान होतो, म्हणून येथे दोन्ही हेतू एकदमच साधतात. लंडनमध्ये राहणाऱ्या आपल्या मुलांना डिसेंबरात चारच्या आत जेवावे लागते आणि जूनमध्ये नऊनंतरही सूर्य दिसतो. तेथे व्रताचे गणित वेगळे आणि आरोग्याचे वेगळे. आपल्याकडे नवकारशीपासून सूर्यास्तापर्यंतचा काळ धरला तर जेवणाला सुमारे अकरा तास आणि पचनसंस्थेला सुमारे तेरा तासांची विश्रांती मिळते. ही वाटणी आपल्याला परंपरेने आयती दिली आहे.

पुढील पन्नास वर्षांसाठी

सुवर्णमहोत्सव हा मागे वळून पाहण्याचा प्रसंग असतो, तसाच पुढची तजवीज करण्याचाही. व्रत घेणे हा प्रत्येकाच्या श्रद्धेचा प्रश्न आहे, पण ते पाळता येईल अशी सोय करणे हा समाजाच्या व्यवस्थेचा प्रश्न आहे. म्हणून काही सूचना नम्रपणे मांडतो.

ट्रस्टच्या सभा आणि सांस्कृतिक कार्यक्रम अशा वेळी ठेवावेत की येणाऱ्याला चौविहार आणि उपस्थिती यांत निवड करावी लागू नये. विवाहाच्या स्वागत समारंभात सूर्यास्तापूर्वीची पंगत ही चार वृद्धांसाठी कोपऱ्यात मांडलेली सोय न राहता मुख्य पंगत व्हावी. व्यापारी बंधूंनी सायंकाळचा डबा दुकानावर मागवण्याची सवय ठेवावी. अर्धा तास गल्ल्यावरून उठल्याने ग्राहक तुटत नाही, हा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट आपल्या नोकरांची. मालक पावणेसहाला डबा खाऊन व्रत पाळतो, आणि त्याच्याच दुकानातील मुलगा रात्री दहाला घरी पोहोचून जेवतो आणि अकराला झोपतो. साखर त्याच्याही रक्तात वाढते. त्यालाही सायंकाळी जेवणाची सुटी मिळाली, आणि बाजारातील साऱ्या दुकानांनी एकमताने तासभर आधी शटर ओढले, तर ती अहिंसेचीच एक पायरी ठरेल. एकट्या दुकानदाराला हे जमणार नाही, संघटित समाजाला जमू शकते.

मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार असलेल्यांनी, गर्भवती भगिनींनी आणि इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी चौविहार सुरू करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा. रात्रभर अन्न-पाणी वर्ज्य करणे सर्वांना झेपेल असे नाही. पंडित आशाधरांनी पाणी आणि औषधाची मोकळीक सातशे वर्षांपूर्वीच देऊन ठेवली आहे, तिचा उपयोग करण्यात कमीपणा मानू नये.

जो आरोग्यासाठी लवकर जेवू लागेल, त्याचे स्वागतच आहे. व्याजाच्या ओढीने पेढीवर आलेला माणूस पुढे मुद्दलाचीही चौकशी करतो. आपण मात्र मुद्दल विसरू नये. उद्या एखाद्या नव्या अभ्यासाने यांतील एखादा निष्कर्ष बदलला, तरी दिव्याच्या ज्योतीकडे झेपावणारे पाखरू आपल्यामुळे मरू नये, ही भावना बदलण्याचे कारण नाही. अकलंक आणि अमृतचंद्र यांनी विचारलेला प्रश्न तोच आहे, दिवा तेवढा बदलला.

जय जिनेंद्र.